मागे घेताना

टँकर मागे येता येता कस्तुराबाईच्या पाण्याच्या निळ्या टिपाडाला टेकला. टेकलाच फक्त, धडक म्हणावी असं काहीच नव्हतं. टिपाड जरासं हललं, टप् असा पोकळ आवाज झाला आणि संपलं. पण रांगेत दोन कळश्या घेऊन उभा असलेला ईश्वरप्पा मटकन खाली बसला. कळश्या हातातच राहिल्या. समोर टँकरचं मागचं चाक आणि चाकाला लागलेला ओला चिखल. लातुरात त्या साली चिखल बघायचा तर टँकरच्या चाकालाच बघायला मिळायचा. “अगं माय! टिपाड माजं, आन् चक्कर ह्यांला!” कस्तुराबाई म्हणाली, तशा चार बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सव्वीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवलेला माणूस टँकरच्या नुसत्या टेकण्याला खाली बसतो म्हणजे हसण्यासारखंच होतं, आणि ते ईश्वरप्पालाही कळत होतं. त्याची बायको गौरम्मा ओट्यावरून धावत आली. “ऊन लागलं काय हो?” “हाव. ऊनच,” तो म्हणाला आणि उठला. पण टँकर टेकायच्या आधी कुणी ‘थांब’ म्हणून ओरडलं होतं की नव्हतं, हे काही केल्या त्याला आठवेना. आत्ताची गोष्ट, अजून आवाज कानात आहे, आणि आठवत नाही! त्याने कस्तुराबाईला विचारलंसुद्धा. ती ठसक्यात म्हणाली, “वरडले की मी!” मग जरा थांबून शेजारणीला म्हणाली, “न्हाई गं… वरडले का मी?” शेजारणीलाही सांगता आलं नाही.

आता असं बघा, की हा प्रश्न ईश्वरप्पाच्या डोक्यात काही त्या दिवशी नव्याने आला नव्हता. दीड महिना त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. शिवरात्रीनंतरच्या आठवड्यात, एका तालुक्याच्या स्टँडवर, दुपारी अडीचच्या सुमाराला त्याने गाडी मागे घेतली आणि तिच्या मागच्या बंपरमध्ये आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यामध्ये व्यंकटीचा डावा पाय सापडला. व्यंकटी म्हणजे त्याचा कंडक्टर. अकरा वर्षं एका गाडीवर, एका डब्यात जेवलेला. नियम असा, की कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहतो, शिट्टी देतो, आणि शिट्टीशिवाय ड्रायव्हरने रिवर्स टाकायचा नाही. फुर्र-फुर्र अशी तुटक शिट्टी म्हणजे येऊ द्या, एक लांब म्हणजे थांबा. ईश्वरप्पाने त्याच संध्याकाळी जबाब दिला होता, ‘वाहकाने शिट्टी दिल्यावरच गाडी मागे घेतली.’ खाली सही. म्हणजे चूक व्यंकटीची झाली. शिट्टी देऊन तो भलत्या जागी उभा राहिला. त्या सहीमुळे व्यंकटीला स्टँडवर बसून करायची हलकी नोकरी द्यायची की घरी बसवायचं, ते अडकून पडलं होतं. शिट्टी झालीच नव्हती असं निघालं, तर मात्र घरी बसायचं ते ईश्वरप्पाने, आणि चारचौघांत मान खाली घालून. सोमवारी दुसरी सुनावणी होती, दोघांना समोरासमोर विचारणार होते. हे सगळं ठीक. पण खरी पंचाईत निराळीच होती. ईश्वरप्पा खोटं बोलला नव्हता. त्याने शिट्टी ऐकली होती. ती अजून ऐकू यायची, टकळी चालू असल्यासारखी, आंघोळीच्या तांब्याभर पाण्यात, गौरम्माच्या कुकरमध्ये, देवापुढे डोळे मिटले की. आणि जितकी ती जास्त ऐकू यायची तितकं त्याला वाटायचं, की इतकं स्वच्छ ऐकू आलेलं कधी खरं असतं का?

निलंबित माणसाला घर असतं हे कळायला वेळ लागतो. सव्वीस वर्षं तो घरी आला तो झोपायला आणि गेला तो पहाटेच्या फेरीला. आता दुपारी बारा वाजता आपल्या घरात काय चालतं हे तो पहिल्यांदाच बघत होता, पाहुण्यासारखा, कुठे बसावं हे न कळून. त्यात उमादेवी घरी आलेली. त्याची एकुलती एक लेक, नांदेडला इंजिनिअरिंगला. होस्टेलची विहीर आटली, मेस बंद झाली, परीक्षा पुढे ढकलली, तशी ती एक सॅक आणि जुना लॅपटॉप घेऊन परत आली होती. आली आणि भिंतीला पाठ लावून त्या लॅपटॉपवर यान उडवत बसली. ईश्वरप्पाला आधी वाटलं, अभ्यास आहे. मग कळलं, खेळ आहे. मग पुन्हा वाटलं, अभ्यासच असणार, कारण ती वहीत आकडेमोड करत होती आणि चुकलं की स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होती. बाहेर शहरभर एकच बोलणं, पाण्याची रेल्वे आली का, किती डबे आले, टाक्यांपाशी जमावबंदी लागली, चौघं जमली तरी पोलीस हटकतात. आणि ही पोरगी घरात बसून काळ्या आभाळात एका डब्याला दुसरा डबा जोडायला बघते. “काय करू लालीस गं हे?” त्याने एकदा विचारलं. “डॉकिंग, अप्पा. हे स्टेशन हाय, वर फिरू लालंय. हे आपलं यान. ह्याचं तोंड त्याच्या तोंडाला लावायचं. मग चंद्रावर जायचं.” “आन् लागलं न्हाई तर?” “तर फुटतंय की.” ती इतक्या सहज म्हणाली की तो जवळ जाऊन बसला.

बसला तो रोजचाच बसायला लागला. तिनेच एक दिवस कळफलक त्याच्यापुढे सरकवला. “बघा की चालवून. ड्रायव्हर हाव ना तुम्ही.” झालं! जन्मभर घाटात गाडी घातलेल्या माणसाची त्या खेळाने अशी जिरवली की विचारू नका. पहिलं म्हणजे तिथे ब्रेकच नव्हता. इंजिन बंद केलं तरी यान आपलं चाललेलंच. थांबायचं तर उलट तोंड करून पुन्हा इंजिन पेटवायचं. “म्हंजे थांबायला बी डिझेल लागतंय?” “लागतंय.” “ह्याला काय अर्थ हाय?” पुढे तर कहरच. स्टेशन पुढे आहे, आपण मागे आहोत, तर काय करायचं? ईश्वरप्पाने वेग वाढवला. यान वर चढलं, मोठ्या फेऱ्याला लागलं आणि स्टेशन आणखी लांब गेलं. त्याने आणखी वाढवला. आणखी लांब! उमा पोट धरून हसत होती. “अप्पा, पुढच्याला गाठायचं तर वेग कमी करा. कमी केला की आपण खाली येतोत, खालचा फेरा बारका, म्हणून लवकर फिरून त्याच्यापाशी जातोत.” “पुढच्या गाडीला गाठायला ब्रेक मारायचा?” “हाव.” “तुजं डोकं फिरलंय.” पण तसंच झालं. मागे राहिलं की गाठ पडते, घाई केली की अंतर वाढतं. त्या दुपारी जेवताना भाकरी मोडता मोडता तो अचानक म्हणाला, “मंग आमी इतकी वरसं उलटीच गाडी चालवलो काय?” गौरम्माने भाकरीवरून नजर न काढता सांगितलं, की जेवताना रस्त्याचं काढू नका. त्या घरात दीड महिना रस्त्याचं कुणी काढत नव्हतं.

व्यंकटीला त्याने या दीड महिन्यात एकदाच बघितलं होतं, दवाखान्यात, तेही दारातून. आत नळ्या आणि पांढरी चादर, चादरीखाली एका बाजूला उंचवटा, आणि व्यंकटी झोपेत. तो जागा होईस्तोवर थांबायला हवं होतं हे ईश्वरप्पाला दारातच कळलं होतं, आणि तो निघून आला होता. याची त्याला लाज वाटायची. साधी नव्हे, अंगावरचे कपडे नकोसे होतील अशी लाज. डोळ्यांपुढे यायचा तो मात्र धडधाकट व्यंकटी. खाकी शर्टाच्या दुसऱ्या गुंडीला पिवळ्या दोरीने बांधलेली पांढरी शिट्टी. स्टँडवर उतरताना तो ती आधी दातात धरायचा, मग दार उघडायचा. आरशात डाव्या कोपऱ्यात त्याचा अर्धा चेहरा दिसायचा, फुगलेला एक गाल, आणि हात हलत असायचा, येऊ द्या, येऊ द्या. अकरा वर्षं ईश्वरप्पाने मागचं जग बघितलं ते त्या एका गालावरून. व्यंकटी मुखेडचा, बोलायला लागला तर थांबायचा नाही. उदगीर नवा जिल्हा होणार, म्हणजे मुखेडची चार गावंही तिकडे जाणार, म्हणजे आपलं गाव तसंच राहील आणि जिल्हा मात्र खालून सरकून जाईल. असलं काहीतरी काढून तो गाडीभर लोकांना हसवायचा. “अप्पा, म्या झोपलो नांदेडात आन् उठलो उदगिरात, तर तिकीट कुणी फाडायचं?” त्याची बायको सरजाबाई तिळाची चटणी द्यायची, ती ईश्वरप्पासाठी वेगळ्या पुडीत यायची. हे सगळं आठवायचं, ओळीने, न चुकता. आणि मग अडीच वाजायचे. आरसा. आरशात ऊन. आणि डाव्या कोपऱ्यात… तिथे व्यंकटी होता का? त्या दिवशी टाकीला पाणी आलं होतं, कुठून तरी टँकर येऊन रिकामा झाला होता, सगळं स्टँड डबे-बाटल्या घेऊन तिकडे पळत होतं. व्यंकटी पाच लिटरचा कॅन घेऊन उतरला होता एवढं पक्कं. गाडीला उशीर झाला होता. आणि मग फुर्र-फुर्र.

शुक्रवारी ईश्वरप्पाचं यान स्टेशनच्या शंभर मीटरवर आलं. आजवर इतक्या जवळ तो कधी आलाच नव्हता. घाम फुटला त्याला, पंख्याखाली. अडचण एवढीच होती, की पडद्यावरच्या गोळ्यातला काटा सरळ धरायचा म्हणजे डोळे तिथून हलवता येत नव्हते, आणि अंतराचे बारीक आकडे वरच्या कोपऱ्यात. चष्मा वर करावा तर गोळा जातो, खाली करावा तर आकडे जातात. उमा म्हणाली, “तुम्ही काटा बघा अप्पा, अंतर मी सांगते.” आणि तिने त्याच्या डाव्या खांद्यामागे बसून सुरू केलं. “येऊ द्या… येऊ द्या… ऐंशी… हळू, अर्धाच मीटर ठेवा सेकंदाला… येऊ द्या…” ईश्वरप्पाची बोटं कळफलकावर स्थिर झाली. किती दिवसांनी असं वाटत होतं! मागे कुणीतरी आहे, आपल्याला दिसत नाही ते त्याला दिसतंय, आपण नुसतं हात घट्ट ठेवायचा. सुख म्हणतात ते हेच असेल असंही त्याच्या मनात येऊन गेलं. यान इतकं हळू चाललं होतं की चाललंय की नाही कळत नव्हतं. खाली ती निळी पृथ्वी, तिच्यावर एवढं पाणी, नुसतं पाणीच पाणी, कुणाची रांग नाही. त्याने काटा मधोमध धरला. गल्लीत कुठेतरी हॉर्न वाजला, दार वाजलं, भांडी वाजली, आणि खांद्यामागे आवाज चालूच होता, येऊ द्या… येऊ द्या… आणि पडद्यावरचं स्टेशन एकदम मोठं झालं, तिरकं झालं, आणि त्याचे निळे पंख तुटून चारी बाजूंना सावकाश फिरत गेले. आवाज नाही, काही नाही. सगळं मोडलं आणि शांत.

“थांब म्हनायचं न्हाई व्हय गं!” तो ओरडला आणि मागे वळला. मागे भिंत होती. भिंतीला उमाची सॅक टेकवलेली. उमा दारात होती, कडेवर एक घागर, हातात दुसरी, ओढणी खांद्यापर्यंत ओली. “काय झालं अप्पा?” “थांब म्हनायला काय झालतं? नुस्तं येऊ द्या, येऊ द्या!” ती घागर न उतरवताच उभी राहिली. “मी टँकरवर होते की. अव्वानं हाक मारली, मी म्हणले तुम्हाला, थांबवून ठेवा म्हणून. तुम्ही हाव म्हणलाव.” “कवा?” “पाच मिनटं झाली.” “न्हाई. मी ऐकलो. आत्ता ऐकलो, इथं, कानापाशी.” “अप्पा, मी इथं नव्हतेच.” तिला वाटलं तो रागावलाय, म्हणून समजुतीने पुढे म्हणाली, “जाऊ द्या, मागचं सेव्ह केलेलं हाय. परत तिथूनच चालू करता येतंय.” ईश्वरप्पा तिच्याकडे बघत राहिला. त्याला काही ऐकू येत नव्हतं, म्हणजे तिचं बोलणं ऐकू येत होतं, पण ते तिचंच आहे का, हे कशावरून? त्याने कळफलक बाजूला सारला.  मागे कुणी नसतानाही आपल्याला हाक ऐकू येते. ऐकायची सवय आहे म्हणून ऐकू येते.

ती दुपार त्याने कॉटवर पालथं पडून काढली. भूक लागली नाही. बाहेर बायांचा आवाज वाढत होता, कमी होत होता. ईश्वरप्पा पहिल्यांदाच ती शिट्टी पळवून न लावता ऐकत होता. दीड महिना तो तिच्यापासून तोंड फिरवत होता. आता त्याने तिला समोर बसवली. फुर्र-फुर्र. गोल, भरलेली, टोकदार. नवीकोरी शिट्टी वाजते तशी. आणि मग त्याला आठवलं. हे विसरलाच होता असंही नाही, माहीतच होतं त्याला, घरातली रोजची वस्तू माहीत असते तसं. संक्रांतीच्या दिवशी ती शिट्टी गाडीत पडून व्यंकटीच्याच बुटाखाली आली होती आणि तिला उभी चीर गेली होती. फुंकली की नुसतं फुस्स व्हायचं. व्यंकटीने नवी मागितली नाही, आज मागतो, उद्या मागतो. आणि दोन महिने तो गाडीच्या मागच्या पत्र्यावर तळहाताने थाप मारत होता. दोन-दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक जोराची म्हणजे थांबा. ईश्वरप्पा दोन महिने त्या थापांवर गाडी मागे घेत होता. मग त्या दिवशी ही गोल, भरलेली शिट्टी कुठून आली? ती व्यंकटीच्या तोंडातून येऊच शकत नव्हती. ती अकरा वर्षांपूर्वीची, दहा वर्षांपूर्वीची, कुठलीही होती, त्या दुपारची नव्हती. उशीर झाला होता, हात गियरवर गेला आणि कानाने आपलं काम आपणच उरकून टाकलं. ईश्वरप्पा उठून बसला. दीड महिना आपण खोटं बोललो नाही, याचा त्याला आधार होता. आता तोही गेला. आणि तरीही, देवाशपथ, ती शिट्टी ऐकू येतच होती!

शनिवारी त्याने उमाला म्हटलं, चंद्र दाखव. का म्हटलं ते त्यालाही माहीत नव्हतं. एखादी अशी जागा हवी होती जिथे मागे कुणी नसतं, असं काहीसं असावं. तिथे स्टेशन नव्हतं, जोडायचं काही नव्हतं, नुसतं उतरायचं. पण उतरतानाही तो तेच करत होता, जमीन दिसली की ब्रेक. आणि जमीन दिसेपर्यंत उशीर झालेला असायचा. तीन यानं त्याने चंद्रावर फोडली. “आधी, अप्पा, आधी. दिसायच्या आधीच वेग मारायचा.” “आन् जमीन किती लांब हाय ते कळावं कसं?” “तुमची सावली बघा. खाली पडलेली आपलीच सावली. ती लांब हाय तंवर आपण वर हाव. ती जवळ येऊ लागली की समजा आलं.” चौथ्या वेळी त्याने सावली बघितली. राखाडी, खड्ड्याखड्ड्यांच्या रानात एक काळा ठिपका, तो इकडून सरकत येत होता. ईश्वरप्पाला तो बघवत नव्हता आणि नजर काढवत नव्हती. तो इंजिन पेटवत गेला, थोडं, आणखी थोडं. सावली आली, पायाला लागली. यान टेकलं, डुललं आणि कलंडून आडवं पडलं. पडलं, पण फुटलं नाही. उमाने टाळ्या वाजवल्या. “उतरलाव की अप्पा! पण परत यायला इंधन न्हाई.” “मंग त्यो आतला माणूस?” “बसतंय तिथंच.” “किती दिस?” “कुणी जाईपर्यंत. दुसरं यान घेऊन जायचं, त्याच्या बाजूला उतरायचं, त्याला आणायचं.” ईश्वरप्पा बराच वेळ त्या आडव्या यानाकडे बघत बसला. मग त्याने गौरम्माला विचारलं, रविवारी मुखेडला जाणारी पहिली गाडी कितीला असते. सव्वीस वर्षांत त्याने हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. गौरम्माने त्याच्याकडे नीट बघितलं, तिळाची चटणी कुटायला घेतली आणि म्हणाली, “पावणेसहा. तुमीच नेत होताव की.”

गाडीत तो प्रवासी म्हणून बसला, तेही मागे, आणि प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जात होता. उदगीरला गाडी थांबली तेव्हा दोघं म्हातारे भांडत होते, जिल्हा होणार, होणार नाही, झाला तर पाणी येणार का. त्याला वाटलं, व्यंकटी आता काहीतरी बोलेल. मग कंडक्टर उतरला, मागे गेला, आणि शिट्टी झाली. ईश्वरप्पा अर्धा उठून खिडकीबाहेर डोकावला. कंडक्टर खरंच होता. शिट्टी त्याच्या तोंडात होती. तरी गाडी मागे सरकेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

व्यंकटीचं घर बाजाराच्या मागे, पत्र्याचं, पुढे लिंबाचं झाड. झाडाखाली बाजेवर तो बसलेला, डाव्या पायात लोखंडी सळ्या, शेजारी धरून चालायचा चौपायी आधार. दारातून आतल्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दिसत होता, त्याला जयंतीचा हार अजून होता, वाळलेला. सरजाबाई भांडी घासत होती, राखेने, पाणी न घेता. तिने ईश्वरप्पाला बघितलं आणि हात तसेच ठेवले. या म्हणाली नाही. व्यंकटी मात्र म्हणाला, “अप्पा! या की, बसा. अगं पानी दे.” पाणी! ईश्वरप्पाने नको नको म्हटलं, चटणीची पुडी बाजेवर ठेवली आणि जमिनीवर बसला. काय बोलायचं ते गाडीत चार वेळा जुळवलं होतं; ते आता कुठे गेलं कळेना. व्यंकटीच बोलला. आवाज बारीक झाला होता त्याचा. “बरं झालं आलाव. उद्याचं काळजी करू नगा. म्या सांगनार हाय, शिट्टी वाजवलो म्हनून.”

“तुला आठवतंय?” ईश्वरप्पाने विचारलं.

“न्हाई. कॅन नळाखाली लावलो, एवढंच आठवतंय. मंग दवाखाना.” त्याने सळ्यांवरून हात फिरवला. “पर तुमी जबाबात लिवलाव ना, वाजली म्हनून. तुमी खोटं कामून लिवताल? अकरा वरसांत एकदा बी खोटं बोलला न्हाई. म्हंजे वाजवलो असंल. लई इच्चार केलो अप्पा. रोज ह्या पायाला शिव्या घालतो, भाड्या, शिट्टी देऊन तिथं कामून उभा ऱ्हायलास?”

 ईश्वरप्पाला वाटलं होतं व्यंकटी शिव्या देईल. त्या व्यंकटीने दिल्या होत्या, पण दीड महिना, स्वतःलाच. “शिट्टी कुठाय तुझी?” त्याने विचारलं. सरजाबाई उठली आणि खुंटीवरच्या खाकी शर्टाची दुसरी गुंडी सोडून घेऊन आली. पिवळी दोरी, पांढरी शिट्टी, उभी चीर. “वाजव,” ईश्वरप्पा म्हणाला. व्यंकटीने तोंडात धरली. गाल फुगला, तोच गाल. फुस्स. पुन्हा फुंकली, जोर लावून. फुस्स. लिंबावरचा कावळासुद्धा उडाला नाही.

“संक्रांतीपासून अशी हाय,” ईश्वरप्पा म्हणाला. “तू थाप मारत होतास. आन् त्या दिशी तुझ्या दोन्ही हातांत कॅन होता. शिट्टी बी झाली न्हाई, थाप बी न्हाई. मी न बघता मागं घेतलो.”

“मंग तुमी काय ऐकलाव?”

“तुझीच शिट्टी. जुनी.” आणि मग त्याला रडू आलं, चांगलं मोठ्याने, सरजाबाईसमोर. “अजून बी ऐकू येतीया रे. काय करू?”

 व्यंकटी शिट्टी हातात फिरवत राहिला. त्याचा चेहरा आधी उजळला, मोकळा झाला, माझी चूक नव्हती, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट वाचता आलं. आणि मग तो हळूहळू आवळत गेला. “म्हंजे दीड महिना म्या फुकट शिव्या खाल्लो,” तो म्हणाला. ईश्वरप्पाकडे न बघता. सरजाबाई आत गेली, रागाने नव्हे, घाईनेही नव्हे, आणि एक वही आणि पेन आणून तिने जमिनीवर ठेवलं. “लिहा भाऊ,” ती म्हणाली. “उद्या तिथं साहेबापुढं गडबडताल तुमी. आता लिहा.” ईश्वरप्पाने लिहिलं. शिट्टी झाली नव्हती. वाहक मागे पाणी भरत होता. मी आरशात न बघता गाडी मागे घेतली. पहिली सही वेडीवाकडी आली, म्हणून त्याने पुन्हा, नीट, दुसरी सही केली. पान फाडून तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवलं.

ऊन सरकून बाजेवर आलं होतं. व्यंकटी आधार धरून उभा राहिला, सरजाबाईने बाज सावलीला ओढली. सळ्या घातलेल्या पायाने बसायचं म्हणजे त्याला उलटं चालत बाजेपर्यंत जावं लागायचं, मागचं दिसत नसताना, एकेक पाऊल. सरजाबाई रोज मागे उभी राहायची. आज ती भांड्यांकडे गेली होती. ईश्वरप्पा उठला आणि बाजेच्या डाव्या कोपऱ्याशी जाऊन उभा राहिला. “येऊ दे,” तो म्हणाला. व्यंकटी थांबला होता, तो हलला. आधार मागे, मग चांगला पाय, मग सळ्यांचा. “येऊ दे… येऊ दे… हळू.” वीतभर राहिली. चार बोटं.  “थांब!” तो इतक्या मोठ्याने म्हणाला की सरजाबाईच्या हातातलं ताट पडलं. व्यंकटी थांबला. बाज त्याच्या पोटरीला टेकलेली होती, बरोबर. आता नुसतं बसायचं होतं. पण बसायच्या आधी त्याने आधार घट्ट धरला, मान वळवली, आणि मागे बाज आहे का ते स्वतः बघितलं.